पिशवी तपासली, माणूस राहिला

गणेशोत्सव असो, शिवजयंती असो की एखाद्या नेत्याचा वाढदिवस, महाराष्ट्रात रक्तदान शिबिराशिवाय तो साजरा झाल्यासारखा वाटत नाही. देशातील रक्तसंकलनात राज्य आघाडीवर आहे, ते बरेचसे या मंडळांच्या जोरावर. मांडवात ओळीने लावलेल्या खाटा, मुठीत दाबायला दिलेला चेंडू, नंतर चहा, बिस्किटांचा पुडा आणि प्रमाणपत्र. दात्याचे काम तिथे संपते, पिशवीचे तिथून सुरू होते. रक्तपेढीत गेल्यावर पाच आजारांसाठी तिची तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. एकाही चाचणीत शंका आली तरी पिशवी बाद होते.

मलेरिया डासांचा, म्हणून तो क्षणभर बाजूला ठेवू. उरलेले चार आजार एकाच वाटेने हिंडतात, हे पिशवीच्या बाबतीत सर्वांनी निमूट मान्य केले आहे. रक्तपेढीत कोणी असे म्हणत नाही की आज एचआयव्ही बघू, हिपॅटायटिससाठी पुढच्या मंगळवारी दुसऱ्या खिडकीवर या. माणसाच्या बाबतीत मात्र अजूनही तसेच म्हटले जाते.

बाद झालेल्या पिशवीच्या दात्याचे काय होते? रक्तदानाच्या फॉर्मवर, तपासणीत काही दोष निघाला तर कळवावे का, असा प्रश्न असतो. बहुतेक जण घाईत 'होय'वर खूण करतात. पेढीतून फोन जातो, पण फोनवर आजाराचे नाव सांगायचे नसते, फक्त 'एकदा येऊन जा' एवढेच सांगायचे असते. अनेक जण येत नाहीत. काहींचा नंबर बदललेला असतो. जे येतात त्यांना, ही चाळणी चाचणी आहे, खात्रीची चाचणी अजून बाकी आहे, असे समजावून पुढे पाठवले जाते. एचआयव्हीची शंका असेल तर आयसीटीसीकडे, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्राकडे, आणि कावीळ असेल तर मेडिसिन ओपीडीकडे. या वाटेवर किती माणसे गळतात, याचा हिशोब पिशव्यांच्या हिशोबाइतका चोख ठेवला जात नाही.

अशा तपासण्या एकदम होणारी आणखी दोन ठिकाणे आहेत. एक म्हणजे आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांना ती ठाऊक आहे. तिथे एचआयव्ही, दोन्ही हिपॅटायटिस आणि सिफिलिस, सगळे एका दमात तपासतात आणि काही निघाले तर कागदावर 'अनफिट' येते. एजंटचे पैसे बुडतात, मुलगा गावी परततो आणि कोणालाही काही न सांगता दुसऱ्या कामाला लागतो. हिपॅटायटिस बी घेऊन माणूस वर्षानुवर्षे धडधाकट राहून काम करू शकतो आणि त्याला दर काही महिन्यांनी तपासत राहावे लागते, हे 'अनफिट'च्या शिक्क्यात कुठेच लिहिलेले नसते. दुसरे ठिकाण ऑपरेशन थिएटर. हर्नियाचे ऑपरेशन असो की मोतीबिंदूचे, आधी 'व्हायरल मार्कर' सांगितले जातात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार, समजावून सांगून संमती घेतल्याखेरीज एचआयव्हीची चाचणी करता येत नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घेतलेल्या सहीमागे किती समजावणे असते, हे कोणत्याही वॉर्डात उभे राहिले की दिसते.

रक्त घेणारा रुग्ण, आखातातला मालक, ऑपरेशन करणारा सर्जन. तिन्ही ठिकाणी तपासणी होते ती दुसऱ्या कोणाला तरी वाचवण्यासाठी. ज्याचे रक्त काढले, त्याच्यासाठी ती होत नाही. चारही आजार एकत्र शोधण्याचे तंत्र, किट आणि सवय, सगळे आपल्याकडे आहे. त्या माणसाच्या भल्यासाठी ते वापरायचे म्हटले की कामाच्या वाटण्या आड येतात.

हे आजार एकत्र का हिंडतात, ते समजायला अवघड नाही. रक्त, शरीरसंबंध आणि गर्भाशय या तीनच त्यांच्या वाटा. फरक आहे तो जोराचा. वापरलेली सुई चुकून टोचली तर काय, यासाठी वैद्यकीय विद्यार्थ्यांना एक जुना ठोकताळा शिकवतात: लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका शंभरात तीसपर्यंत, सीचा शंभरात तीन, एचआयव्हीचा हजारात तीन. सीचा आकडा नव्या अभ्यासांत बराच खाली आला आहे, पण बी सर्वांत पुढे, हे बदललेले नाही. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात आठवडाभर तग धरतो. सी मुख्यतः सुईने आणि रक्ताने पसरतो, शरीरसंबंधातून तुलनेने कमी. सिफिलिसचे, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेतील गरमीचे, मुख्य वाहन शरीरसंबंध. त्याची जखम दुखत नाही, आपोआप भरते आणि माणूस निर्धास्त होतो. एचआयव्हीला दरवाजा उघडून देण्याचे काम हीच जखम करते. कातडीचे कुंपण तुटलेले असते आणि ज्या पांढऱ्या पेशींत एचआयव्ही घर करतो, त्या पेशी जखमेपाशी गर्दी करून उभ्या असतात.

एक साथ दुसरीला अशी हात देते तेव्हा दोन्हींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. मेरिल सिंगर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यासाठी 'सिंडेमिक' हा शब्द रूढ केला. साथींची साथ म्हणता येईल. रोगजंतूंच्या युतीइतकाच त्याचा भर होता गरिबी, नशा आणि हिंसा यांच्यावर, कारण जिथे हे तिन्ही असतात तिथे हे आजारही एकमेकांना शोधत येतात.

वेगवेगळ्या खिडक्यांचा खरा धोका औषधांच्या बाबतीत दिसतो. एचआयव्हीच्या आजच्या मुख्य गोळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधे असतात. त्यांपैकी पहिली दोन हिपॅटायटिस बीवरही चालतात. ज्या रुग्णाला दोन्ही आजार आहेत, त्याला एकाच गोळीत दोन्हींचा उपचार मिळतो. त्याला दुसरा आजार आहे हे कोणालाच माहीत नसेल आणि त्याने गोळी मध्येच सोडली, तर हिपॅटायटिस बी उसळी घेतो आणि यकृत एकाएकी निकामी होऊ शकते. उलट बाजूही तेवढीच वाईट. कावीळ निघाली म्हणून एचआयव्ही न तपासता नुसते टेनोफोविर सुरू केले, तर आत लपलेला एचआयव्ही त्या एकट्या औषधाला जुमानेनासा होतो आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा हुकमी औषध बोथट झालेले असते. तिसरी गाठ सीची. सीवरच्या गोळ्या सुरू झाल्यावर दबून बसलेला बी पुन्हा जागा होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या गोळ्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला तो याच कारणाने. तेव्हा चारही तपासण्या एकत्र करणे ही केवळ रुग्णाची सोय नाही. एका खिडकीवरचा डॉक्टर दुसऱ्या खिडकीवरचा निकाल न बघता औषध लिहितो, तेव्हा रुग्णाचे नुकसान होऊ शकते.

आणि सुई. आपल्याकडे सुई टोचली नाही तर डॉक्टरने काही केलेच नाही असे वाटणारे लोक कमी नाहीत, आणि त्यांना नाराज न करणारे डॉक्टरही कमी नाहीत. थकवा आला, सलाइन लावा. अंग दुखते, एक इंजेक्शन मारा. या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या एका देशव्यापी पाहणीत भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतील जवळपास ६३ टक्के असुरक्षित असतात, असे दिसले होते. त्यानंतर लसीकरणात एकदा वापरली की निकामी होणारी सिरिंज आली आणि सरकारी दवाखाने बरेच सुधारले. पण २००९ मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेक बळी गेले, ती पुन्हा वापरलेल्या सुयांमुळेच. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ भागात २०१८ च्या सुरुवातीला तपासणी शिबिरांत डझनावारी एचआयव्हीबाधित निघाले, त्यांत लहान मुले होती आणि म्हातारी माणसेही. स्वस्तात इंजेक्शन देत हिंडणाऱ्या एका बोगस डॉक्टरकडे बोट गेले. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी तिथे जाऊन अभ्यास केला, तेव्हा असुरक्षित इंजेक्शनांशी असलेला संबंध पुढे आला. २०१९ मध्ये पाकिस्तानात सिंध प्रांतातील रतोदेरो येथे शेकडो मुलांना एचआयव्ही झाला, तिथेही तीच सुई आणि तेच सलाइन. ज्या सुईतून एक जातो तिच्यातून बाकीचेही जातात. बातमी मात्र एकाच आजाराची होते.

अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या ऑस्टिन या गावाची हकिगत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. लोकवस्ती चार-साडेचार हजारांची. वेदनाशामक गोळ्या विरघळवून शिरेत टोचून घेण्याचे व्यसन तिथे पसरले. २०१४-१५ मध्ये एकाएकी एचआयव्हीचे रुग्ण निघू लागले आणि वर्षभरात त्या परगण्यातील आकडा १८० वर गेला. त्यांतील दहापैकी नऊहून अधिक जणांना हिपॅटायटिस सी आधीच होता. सी रक्तातून एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो, म्हणून सुयांची अदलाबदल सुरू झाली की तो आधी दिसतो. ती घंटा वाजत होती, पण सीची नोंद ठेवणारे आणि एचआयव्हीवर लक्ष ठेवणारे कान वेगळे होते. सीच्या वाढीकडे बघून वेळीच पाऊल उचलले असते तर यातील बहुतेक एचआयव्ही संसर्ग टळले असते, असा हिशोब येल विद्यापीठातील संशोधकांनी नंतर मांडला.

आपल्याकडे ही घंटा पंजाबात वाजली. तिथे हिपॅटायटिस सी इतका दिसू लागला की २०१६ मध्ये राज्य सरकारला मोफत उपचारांसाठी वेगळा निधी काढावा लागला. 'चिट्टा' म्हणजे हेरॉइन टोचून घेणारे तरुण त्या रुग्णांत मोठ्या संख्येने होते. ईशान्येची गोष्ट त्याहून जुनी. मणिपुरात १९८९-९० च्या सुमारास सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही आला आणि काही महिन्यांत त्यांच्यातील जवळपास निम्म्यांपर्यंत पोहोचला. १९९६ मध्ये त्या राज्याने एड्सविषयी स्वतःचे धोरण आखले आणि स्वच्छ सुया पुरवण्याला मान्यता दिली. देशाच्या बाकीच्या भागात तेव्हा 'सुया वाटायच्या म्हणजे नशेला प्रोत्साहन' हाच सूर होता, आजही तो पूर्ण गेलेला नाही. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात. २०२१ च्या पाहणीत त्यांच्यातील एचआयव्हीचे प्रमाण नऊ टक्के होते, गरोदर स्त्रियांमध्ये ते ०.२२ टक्के. मिझोराममध्ये प्रौढांतील प्रमाण २.७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे देशाच्या सरासरीच्या तेरापटीहून जास्त. तिथे सुई आणि शरीरसंबंध या वाटा कधीच एकमेकींना मिळाल्या आहेत.

आता तीन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख, त्यांतील जवळपास चार लाख एकट्या महाराष्ट्रात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात हिपॅटायटिस सीचे रुग्ण सुमारे ५५ लाख आणि हिपॅटायटिस बीचे जवळजवळ तीन कोटी. एचआयव्ही असलेल्या शंभरांपैकी ऐंशीएक जणांना आपल्याला तो आहे हे ठाऊक आहे. सीच्या बाबतीत शंभरात अठ्ठावीस. बीच्या बाबतीत शंभरात तीनसुद्धा नाहीत.

ही तफावत आळसातून आलेली नाही. एड्स १९८६ मध्ये देशात पहिल्यांदा आढळला तेव्हा तो मृत्यूचा परवाना होता. भीती होती, बाहेरून पैसा आला, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, उभी राहिली आणि २००४ मध्ये मोफत औषधे आली. चार दशकांत समुपदेशक, तंत्रज्ञ आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून केंद्रे असे जाळे विणले गेले. सांगलीपासून कोलकात्याच्या सोनागाछीपर्यंत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाच प्रतिबंधाच्या कामात उतरल्या. सरकारी आरोग्य व्यवस्थेत इतके चांगले काम फार थोड्या ठिकाणी झाले आहे. हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आला तो २८ जुलै २०१८ ला, आणि त्याची चूल वेगळी मांडली गेली. गुप्तरोगांचे जुने दवाखाने 'सुरक्षा क्लिनिक' झाले. तिथे सात रंगांची किट ठेवली गेली आणि लक्षण बघून त्या रंगाचे किट द्यायचे, अशी सोपी पद्धत बसवली. पद्धत चांगली, पण ती लक्षण दिसणाऱ्यापुरती. सिफिलिस बराच काळ लक्षणाशिवाय राहतो आणि हिपॅटायटिस तर वर्षानुवर्षे. ज्याला काही होतच नाही तो कोणत्या रंगाचे किट मागायला येणार?

उपचारांच्या बाजूने पाहिले तर ही चालढकल अधिकच खटकते. हिपॅटायटिस सी बरा होतो, आणि पूर्ण बरा होतो. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंचाण्णव रुग्णांच्या रक्तातून विषाणू नाहीसा होतो. २०१३ मध्ये अमेरिकेत यातील एकाच औषधाची किंमत कोर्समागे ८४ हजार डॉलर होती. आज भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या त्याच गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. सुरुवातीच्या टप्प्यातील सिफिलिसला पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते. बी बरा होत नाही, पण आवरता येतो आणि त्याला लस आहे. देशभर ही लस बालकांना मिळू लागली ती २०११ पासून, म्हणजे आजच्या बहुतेक प्रौढांना ती मिळालेलीच नाही. तपासणीत बी नसल्याचे कळले तर त्याच दिवशी लस टोचता येते. एचआयव्हीच्या केंद्रात आलेल्या तरुणाला, तुला एचआयव्ही नाही, एवढे सांगून परत पाठवणे म्हणजे ही संधी दारातून घालवणे.

एकत्र तपासणी कशी असते याचा सर्वांत चांगला नमुना गरोदरपणाच्या नोंदणीत आहे. एचआयव्ही आणि सिफिलिस बोटाला एकदाच टोचून एकाच पट्टीवर तपासता येतात आणि अशा पट्ट्या आता सरकारी कार्यक्रमात आल्या आहेत. तिसरा आजार हिपॅटायटिस बी. जन्माच्या वेळी बाळाला बीचा संसर्ग झाला तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. तोच प्रौढाला झाला तर शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी जणांत राहतो. म्हणून जन्मानंतर चोवीस तासांच्या आतला लसीचा डोस मोलाचा. रविवारी रात्री बाळंतपण झाले आणि लसीचा फ्रिज सोमवारी दहाला उघडला, तर त्या चोवीस तासांतले निम्मे गेलेले असतात. सिफिलिसच्या बाबतीत आणखी एक माणूस वाटेत येतो, तो म्हणजे नवरा. बाईला इंजेक्शन दिले आणि नवरा तपासणीला आलाच नाही, तर बाळंतपणाआधी तिला पुन्हा लागण होऊ शकते. हे गृहीत धरून काम करणाऱ्या थायलंडने २०१६ मध्ये आणि श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाकडे जाणारा एचआयव्ही आणि सिफिलिस जवळजवळ संपवल्याचे प्रमाणपत्र मिळवले. उलट अमेरिकेत, पैशाची आणि प्रयोगशाळांची कमतरता नसताना, सिफिलिस घेऊन जन्मणाऱ्या बाळांची संख्या २०१२ मध्ये ३३५ होती ती २०२३ मध्ये ३,८८२ झाली.

एकत्र तपासणीवर दोन आक्षेप येतात. पहिला, कामाचा ताण. एचआयव्हीच्या समुपदेशकाकडे आधीच रांग असते, तिला आणखी तीन आजार कसे समजावायला सांगायचे? आक्षेप खरा आहे आणि माणसे वाढवल्याशिवाय त्याला उत्तर नाही. पण क्षयरोग आणि एचआयव्ही यांचे कार्यक्रम एकेकाळी असेच वेगळे होते. आज क्षयाच्या रुग्णाची एचआयव्ही चाचणी होते आणि एआरटी केंद्रात आलेल्याला खोकल्याबद्दल विचारले जाते. ती सवय लागायला वर्षे गेली, पण लागली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. एचआयव्ही असलेल्याला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभावापासून २०१७ च्या कायद्याचे संरक्षण आहे. हिपॅटायटिस बी असलेल्याला तसा वेगळा कायदा नाही. तपासणी वाढवायची आणि निकाल बाहेर फुटला तर त्याला वाऱ्यावर सोडायचे, हे चालणार नाही. नोकरीपूर्व तपासणीत बी निघाला म्हणून नकार मिळालेल्या तरुणाने पुन्हा कुठे तपासायला जावे, अशी अपेक्षा ठेवणेही अवघड.

नॅकोच्या कार्यक्रमाचा पाचवा टप्पा मार्च २०२६ पर्यंतचा. त्यात आईकडून बाळाकडे जाणाऱ्या सिफिलिसचे उच्चाटन हे एचआयव्हीच्या बरोबरीचे उद्दिष्ट झाले आणि धोका असलेल्या पण अजून बाधित नसलेल्या लोकांसाठी 'संपूर्ण सुरक्षा केंद्रे' सुरू झाली. दिशा बरोबर आहे. हिपॅटायटिसचे उच्चाटन आणि एड्सचा शेवट या दोन्हींसाठी देशाने २०३० हेच साल धरले आहे. पण जिल्ह्याच्या मासिक बैठकीत तंत्रज्ञाला त्याच्या तक्त्यात जो रकाना असतो, त्याचाच जाब विचारला जातो. आयसीटीसीच्या तक्त्यात एचआयव्हीचा रकाना आहे आणि त्याच्या शेजारी सिफिलिसचा आला आहे. बी आणि सीची किट त्याच इमारतीत, बहुतेकदा एक मजला वर, दुसऱ्या कार्यक्रमाच्या कपाटात असतात.